हुमणीला पाजलेलं पाणी

नितीनचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले आणि उरलेली गवार निवडून संपवली... पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

शालूवन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. हडपसरच्या पुढं त्यांचं रान. आजूबाजूला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, नितीन, म्हणजे त्यांचा मुलगा, त्यातल्याच एकीत कॉम्प्युटरवर बसायला लागला, पण वन्संचा भुईमूग काही सुटला नाही. "तुझ्या कंपनीत शेंगा लागत्यात का रं?" असं त्याला विचारायच्या.

एका वर्षी पेरणीनंतर पावसानं तोंडच फिरवलं. मी आठवडाभर तिकडे राहायला गेले होते. भुईमुगानं जागोजागी माना टाकलेल्या. आता मी वारज्याची, तीन कुंड्यांची शेतकरीण. पण गप्प बसवतंय कुठं! "अहो वन्सं, तहानलाय तो, पाणी घाला की." विहिरीनं तळ गाठलेला. तरी चार दिवस आम्ही दोघी कळशीकळशीनं त्या सुकलेल्या पट्ट्यालाच पाणी घालत राहिलो, हिरव्या ओळींच्या तोंडचं काढून. पाचव्या दिवशी वन्संनी एक रोप धरलं, तर ओढायच्या आत ते हातात आलं. खाली मुळंच नव्हती. मातीत करंगळीएवढी पांढरी अळी, अंग मुडपून पडलेली.

"हुमणी हाय ही. मुळं खाती," वन्सं म्हणाल्या. "नुसती तहान असती तर रोप असं सुटलं नसतं. मी आधी उपटून बघाया पायजे होतं." मग माझ्याकडे बघून, "चार दिस हुमणीला पाणी पाजलं, वहिनी. पाहुणचार झ्याक झाला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खुरप्यानं अळ्या वेचल्या, कोंबड्यांपुढं टाकल्या. हिरव्या ओळी मात्र पाण्यावाचून गेल्या. पुढच्या पेरणीपुरतं बी तेवढं हाती लागलं. त्यावरून मला त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत... बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा चैत्रात वन्सं माझ्याकडे आल्या, त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. चेहरा पार उतरलेला. "ऊन लागलंय तुम्हाला," म्हणत मी कोकम सरबत पुढं केलं. दोन पेले प्यायल्या. "ग्वाड झालंय," म्हणाल्या आणि संध्याकाळच्या बसनं गेल्या. पुढं अडीच महिन्यांत सगळं आटोपलं. पोटात गाठ होती, घरच्यांना कळलं तेव्हा आत पसरलेली. नितीन सांगत होता आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं : मी याही वेळी पाणीच पाजलं. नीट बघितलं असतं, दवाखान्यात नेलं असतं तर?

चौदाव्यानंतर त्यांच्या खोलीत आवराआवर चालली होती. बियाण्याच्या शेंगांचा पत्र्याचा डबा नितीननं उघडला. पेरणी झालेली, त्यामुळे डबा रिकामा. तळाशी तेवढी दवाखान्याची फाईल. रिपोर्ट वन्सं माझ्याकडे आल्या त्याच्या आठ दिवस आधीचा. नितीन तसाच डॉक्टरांकडे जाऊन आला. "मामी, ते तिला लगेच भरती हो म्हणत होते. आई म्हणाली, पेरणी होऊ द्या, मग बघू."

म्हणजे पायरीवर बसल्या तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या हातचं सरबत घेतलं, दुसरा पेला मागून घेतला...

मी फाईल परत डब्यात ठेवली. त्याचं झाकण जरा वाकडं आहे, वन्सं ते वरून बुक्की मारून बसवायच्या. मी झाकण ठेवलं, मूठही आवळली. मारवली नाही. तसंच सैल राहू दिलंय.