कौल माझ्या नावावर लागला

पोलीस जमादारानं जिलेटिनच्या कांड्यांची पेटी झाडाच्या सावलीत ठेवली आणि तो स्वतःच तिच्यावर बसला.

"ओव्हरसियरसाहेब, दिवस मावळायच्या आत सुरुंग उडवून टाका. नाहीतर पेटी परत सांगलीला जाणार. रात्रभर ही राखायची जोखीम मी घेत नाही."

त्याचं काही चुकत नव्हतं. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीच्या त्या वर्षांत आमच्या भागात तारा तुटत होत्या, रेल्वेचे रूळ उखडले जात होते. सुरुंगाचं सामान बेवारशी दिसलं की रातोरात गायब. म्हणून ते पोलीस बंदोबस्तात यायचं. ज्यानं मागवलं त्यानं ते वापरलं नाही, तर का वापरलं नाही, कोणासाठी ठेवत होता, अशी चौकशी लागायची. बांधकाम खात्यातली माझी ओव्हरसियरची नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

काम पुलाचं होतं, पलूसच्या बाजूला, कृष्णेवर. बाकीचे खांब उभे होते. एकच राहिला होता आणि तो नेमका डोहात येत होता. पुलाचा खांब नदीच्या तळावर नुसता ठेवून भागत नाही. खडकात खाच करून तो आत रोवावा लागतो, नाहीतर पूर त्याला दुधाच्या दातासारखा उपटून नेतो. वाळूची पोती रचून आम्ही तेवढी जागा कोरडी केली होती. खडकाला भोकं पाडून झाली होती. आता जिलेटिन भरायचं, वात पेटवायची आणि पळायचं.

पण पोत्यांच्या पलीकडं डोह भरलेला होता आणि त्यात मासे होते. सुरुंगाचा हादरा खडकातून पाण्यात शिरतो आणि लांबवर जातो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती त्या हादऱ्यानं फुटते. डोहातला एकही मासा वाचला नसता.

डोह आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवतांचा. तिथले मासे त्यांचे. दुष्काळातही काठावरच्या गावानं ते धरले नव्हते. त्या दिवशी सगळं गाव काठावर येऊन बसलं होतं. शिव्या नाहीत, दगड नाहीत, नुसतं बसलेलं. मला त्याचीच धास्ती वाटत होती.

आसरांची पूजा करणारा धोंडिबा गुरव उठून माझ्याकडं आला.

"आवं साहेब, पूल नको आसं आमी म्हनत न्हाई. गेल्या पावसाळ्यात माजी सून अडली. नदी दुथडी. डाक्टर त्या काठाला, सून ह्या काठाला. नाव घालाय कुनी धजंना. गेली बिचारी. पूल लय पायजे. पर मासं आमचं न्हाईत. जे आपलं न्हाई, ते मारायचं कसं?"

मी ठेकेदार आप्पा चौगुल्यांकडं वळलो. आप्पा सांगलीकडचे जैन. पाणी गाळून पिणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे, आणि धंदा मात्र डोंगर फोडायचा! मी त्यांना यावरून नेहमी चिडवायचो. आज चिडवायचं सुचलं नाही.

"आप्पा, तुमची माणसं सुरुंग भरतील ना?"

"कोरड्या खडकाला कवाबी भरतील. हितं पान्यात जीव हायती. मला जमायचं न्हाई. दुसरा मानूस बगा."

तेवढ्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरसाहेबांची मोटर आली. धोंडिबाच्या सुनेची गोष्ट त्यांच्याही कानावर होती. त्यांनी काठावरच्या गावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नदी माणसासाठी आहे की माणूस नदीसाठी? मासे पुन्हा होतील. या म्हाताऱ्याची सून परत येईल का? मी डाकबंगल्यावर थांबतो. आवाज तिथवर ऐकू येतो. आला नाही, तर मला वर रिपोर्ट करावा लागेल. वर त्याचा काय अर्थ लावतील, तुम्हाला सांगायला नको."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं बोलणं मला खोडता येईना, आणि धोंडिबाचंही. मग मला एक शहाणपण सुचलं. कौल लावायचा. देवतेच्या दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण गावाचा होता. होकार आला तर गाव उठेल आणि पाप आसरांच्या माथी, असा माझा हिशेब.

"कुनाच्या नावानं लावू?" धोंडिबानं विचारलं.

"माझ्याच लावा," मी घाईघाईनं म्हणालो.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. मला सुटल्यासारखं वाटलं. धोंडिबानं हात जोडले. गाव खरोखरच उठलं आणि मागं सरकलं. मग धोंडिबानं माझ्या ओंजळीत चुरमुरे ओतले.

"हे कशाला?"

"ज्येच्या नावानं कौल, त्येनं आदी माशास्नी खायाला घालायचं. मग वात बी त्येनंच पेटवायची. दुसऱ्याच्या हातानं न्हाई."

"पण आसरांनी होकार दिला ना?"

"व्हय की. म्हंजी त्येंनी तुमच्यावर सोपवलं. आता ते मासं तुमचं."

मी पाण्याशी जाऊन बसलो. चुरमुरे पडताच डोह काळा झाला. हाताएवढे, दंडाएवढे मासे एकमेकांच्या अंगावरून वर आले. कधी कोणी इजा केली नव्हती, म्हणून त्यांना माणसाचं भय असं नव्हतंच. फाटक्या ओठाचा एक थोराड मासा माझ्या बोटांतून चुरमुरे ओढू लागला. मला भयंकर भीती वाटली. साहेबांची किंवा पोलिसांची नव्हे. याच हातानं आता काडी ओढायची, याची.

मी उठलो. "आप्पा, छिन्नीनं खाच होईल? पावसाच्या आत?"

आप्पांनी खडकाकडं पाहिलं. "भोकं पाडलेलीच हायती. पाचरी मारून फोडता यील. पर माजी मानसं पुरायची न्हाईत."

"मानसं हायती," धोंडिबा म्हणाला.

जमादारानं पेटी उचलली. "सामान न वापरता परत गेलं, हे तुमच्या नावानं लिहावं लागेल, साहेब."

"लिहा."

मी डाकबंगल्याच्या पायऱ्या चढलो.

"आवाज आला नाही," साहेब म्हणाले.

"येणार नाही, साहेब. छिन्नीनं करतोय."

"गाव हटलं नाही?"

"हटलं. आसरांनी कौलही दिला. पण माझ्या नावावर."

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी रिपोर्ट लिहिला. तो त्यांना लिहावाच लागणार होता.

सारं गाव पाचरींवर घण घालत होतं. खाच झाली, खांब पाण्याच्या वर आला आणि मागोमाग पूर आला. पूर ओसरेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. खांब टिकला. मला मात्र साताऱ्याला बोलावून पोलिसांनी नाना प्रश्न विचारले. त्यांना संशयित क्रांतिकारक हवा होता. माशांना चुरमुरे घालणारा ओव्हरसियर त्यांच्या कामाचा नव्हता. शेवटी त्यांनी सोडलं, खात्यानं पाचगणीच्या घाटरस्त्यावर पाठवलं, आणि नोकरी पक्की व्हायला पुढं फार दिवस लागले.

पुढच्या पावसाळ्यात, पूल पुरा झाल्यावर, धोंडिबाचा निरोप आला. गावातली एक अडलेली बाई भर पुरात बैलगाडीनं पुलावरून पलीकडं गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आणि तुमचे मासे बरे आहेत.

परवानगी मिळाली की ओझं उतरतं, अशी माझी समजूत होती. खरं तर ते तेव्हाच आपल्या डोक्यावर येतं. त्यानंतर वरून कामाची मंजुरी आली की मी आधी जागेवर जाऊन, तिथं कोण राहतं ते पाहून यायचो. खात्यात मला सगळे ढिला माणूस म्हणायचे.