खांद्यावरचा टॉवेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे—चर्चमध्ये पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे कान देऊन बसलेल्या फादरांनाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर जड गेलं असतं, कारण मग तुमच्या डोळ्यांसमोर आला असता वेदीपाशी उभा राहून वाचन करणारा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. वसईत आमच्या गावात मला मान आहे. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना होते तेव्हा सुरुवात मला करायला सांगतात. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना? आमच्यात कीर्तन नसतं, एवढाच काय तो फरक.

तर—मला झुंज बघायला आवडते. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, जे मिळेल ते.

यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. लपवलेलं नाहीच हे. तरुणपणी मी स्वतः बॉक्सिंग केलं, पुढे सातिवलीच्या एका गाळ्यात संध्याकाळी पोरांना शिकवायला लागलो. गाळ्याचा मालक ओळखीचा, काम सुटलं की चावी माझ्याकडे. गावातले एक निवृत्त मास्तर चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावर मला गाठून चिडवायचे—सकाळी पोरांना दुसरा गाल पुढे करायला शिकवतोस आणि संध्याकाळी पहिला गाल कसा फोडायचा तेही, मग पोरांनी ऐकायचं कुणाचं? सगळे हसायचे, मीही हसायचो. माझी उत्तरं तयार असायची. पोरं दारूपासून लांब राहतात. शिस्त लागते. शरीर देवाचं मंदिर आहे, ते राखायला नको का? शिवाय प्रत्येक झुंजीआधी आमच्या कोपऱ्यात प्रार्थना व्हायची, तीही समोरच्या पोराचं नाव घेऊन—दोघांनाही सुखरूप घरी ने. ही माझीच पद्धत. फादरांना तिचं फार कौतुक. एकदा तर प्रवचनातही त्यांनी ती सांगितली.

ही सगळी उत्तरं खरी होती. म्हणूनच ती इतकी उपयोगाची पडली.

त्यांच्यामागे काय होतं? मला शिस्त आवडत नव्हती. मला तो एक क्षण आवडायचा. ठोसा नेमका लागतो आणि माणसाला अजून कळलेलं नसतं, पण त्याच्या पायांना कळलेलं असतं. गुडघे सैल पडतात. चेहरा लहान मुलासारखा होतो. त्या क्षणी माझ्या पोटात काहीतरी गोड हलायचं—कसं सांगू—ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर येताना जी शांतता वाटते ना, तसली. हे लिहिताना मला स्वतःचीच किळस येते. पण खोटं लिहायचं असतं तर लिहायला बसलोच नसतो.

आता रॉनीचं सांगतो.

रॉनी माझा पुतण्या, धाकट्या भावाचा, इनासचा मुलगा. इनासची सोनचाफ्याची वाडी आहे. पोरगा पहाटे फुलं काढायचा, दिवसा एका कारखान्यात फिटर, आणि संध्याकाळी माझ्याकडे गाळ्यात. फार चपळ होता असं नाही. पण सांगितलेलं ऐकणारा. "डावा हात वर" म्हटलं की घामाने डोळे चुरचुरत असले तरी हात वर. त्याच्याइतका आज्ञाधारक पोरगा मला पुन्हा मिळाला नाही. हा शब्द लक्षात ठेवा—आज्ञाधारक.

विरार पूर्वेला चंदनसारकडे एका मैदानात मंडप घालून किकबॉक्सिंगचे सामने भरवायचं ठरलं, तेव्हा रॉनीने नाव दिलं. त्याची आई, रोझी, तयार होईना. घरात दोन दिवस अबोला. शेवटी ती माझ्याकडे आली. हातात एक नवा, घडी न मोडलेला पांढरा टॉवेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: झुंजणाऱ्याच्या कोपऱ्यात जो माणूस उभा असतो, त्याने रिंगणात टॉवेल फेकला की झुंज तिथेच संपते. पोराने हार मानायची गरज उरत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने मानलेली असते. रॉनीने हे आईला समजावून सांगितलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्याला कळनार नाय कधी थांबायचं ते. तुम्हाला कळतं. टॉवेल तुमच्या खांद्यावर असेल तरच सोडते मी त्याला."

आम्ही क्रुसापाशीच उभे होतो. मी क्रुसावर हात ठेवून शब्द दिला. तिने मागितला नव्हता, मीच ठेवला हात. मोठेपणा मिरवायची सवय, दुसरं काय?

झुंज तीन फेऱ्यांची. समोर एक उंच, सडपातळ पोरगा होता. नाव मी प्रार्थनेत घेतलं होतं, आता आठवत नाही. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत मला कळलं की त्याच्या डाव्या हातात काय आहे. असा हात मी उभ्या आयुष्यात दोनचारदाच पाहिला असेल. खांदा हललेला दिसायचा नाही, आणि रॉनीची मान वळलेली असायची. एकदा, दोनदा, पुन्हा. मी रॉनीला ओरडून सांगत होतो—हात वर, बाजूला सर. माझं तोंड रॉनीच्या बाजूचं होतं. डोळे त्या दुसऱ्या पोराच्या बाजूचे झाले होते.

मध्यंतरात रॉनी स्टुलावर बसला. डोळ्यांत बघितलं तर एक बाहुली मोठी दिसत होती. मला त्याचा अर्थ माहीत होता. गाळ्यात पोरांना मीच शिकवत होतो की असं दिसलं की झुंज थांबवायची, विचार करत बसायचं नाही.

टॉवेल खांद्यावरच होता.

रेफरी होता की, असं म्हणता येईल. सामने भरवणाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर खाली खुर्चीत बसला होता, त्याच्यावरही ढकलता येईल. मी मनात ढकलून पाहिलं आहे. पण त्यांनी ती बाहुली इतक्या जवळून पाहिली नव्हती. आणि त्यांनी क्रुसावर हात ठेवला नव्हता.

तिसऱ्या फेरीत तो डावा हात पुन्हा आला. रॉनीचे गुडघे सैल पडले, चेहरा लहान मुलासारखा झाला, आणि माझ्या पोटात ते गोड हललं. माझा पुतण्या पडत होता, आणि मला छान वाटलं. तो डोक्यावर आपटल्यानंतरच मी त्याचा काका झालो.

डोक्यात रक्तस्राव, ऑपरेशन, कितीतरी आठवडे. जगला. डावा पाय ओढत चालतो, डावी मूठ मिटत नाही, आणि एकेक शब्द खोल विहिरीतून काढल्यासारखा बोलतो. कारखाना सुटला. आता आईबरोबर ओटीवर बसून उजव्या हाताने चाफ्याची फुलं पिशव्यांत भरतो.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये रोझीने मला एकच विचारलं—टॉवेल? आणि मी क्षणाचाही वेळ न लावता म्हणालो, "मी उचलला होता. त्याने मान हलवली. नको म्हणाला."

इनास भिंतीला टेकून रडला. हट्टी आहे पोरगा, म्हणाला, आधीपासून हट्टी.  रोझीने मला दोष दिला नाही, कधीच नाही. अजून रविवारी वेदीसाठी माझ्याच हाती फुलं देते.

आणि रॉनीला काही आठवत नाही. हातमोजे चढवल्याचं आठवतं, त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं.

इथवर सांगितलं, पण अजून सगळं सांगितलेलं नाही. मी मुद्दाम वळसा घालून चाललोय. त्या मध्यंतरात रॉनी बोलला होता. दातांचं गार्ड काढून, अगदी हळू—"काका, डोक्यात कसंतरी होतंय. बास करू?"

त्याने मान हलवली नव्हती, नकोही म्हणाला नव्हता. त्याने थांबायची परवानगी मागितली होती. आणि मी त्याचं गार्ड पुन्हा तोंडात बसवलं आणि म्हणालो, "एवढीच फेरी. उभा राहा." तो उभा राहिला. आज्ञाधारक होता ना? आम्ही जिंकत नव्हतो, जिंकणारही नव्हतो. मला फक्त तो डावा हात अजून एकदा बघायचा होता.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर तरी माझं झुंजी बघणं सुटलं असेल. गाळ्याची चावी परत केली, हे खरं. लोकांना वाटलं, बिचारा खचला. पण दुपारी घरात कुणी नसलं की मोबाईल काढतो. तेच बघतो. आणि ते गोड हलणं अजून हलतं, रॉनीनंतरही.

यंदाच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात पापनिवेदनाला रॉनीला मीच चर्चमध्ये घेऊन गेलो. त्याला आधार लागतो. आम्ही बाकावर रांगेत बसलो होतो. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, शब्द शोधत शोधत, "काका, आज ते पन सांगनार मी. आईचं ऐकलं नाय. तुम्ही टॉवेल टाकत होते. मीच माज केला."

त्या वेळी बोलायचं होतं. तोंड उघडायचं, एवढंच. पुढे दोन बायका होत्या, वेळ भरपूर होता. त्या दोघी आटोपल्यावर मी म्हणालो, "जा, तुझा नंबर आला."

त्याला गुडघे टेकायला वेळ लागला. सांगायलाही लागला, कारण बोलणं सावकाश. मागचे लोक चुळबुळत होते. मी बाहेर उभा राहून बघत होतो—पाठीला बाक आलेला, उजव्या हाताने जाळीची कड धरलेली, आणि माझं पाप एकेक शब्द करून स्वतःच्या नावावर सांगत असलेला पोरगा.

मग मी आत गेलो. राग येतो, म्हणालो. दोनदा रोझरी चुकली. शेजाऱ्याबद्दल वाईट बोललो. फादरांनी नेहमीचं प्रायश्चित्त दिलं, क्षमा दिली. मी आमेन म्हणालो.

रॉनी दाराशी थांबला होता. त्याने माझा दंड धरला. उन्हात आलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, त्या मिटत नसलेल्या हाताच्या बाजूला थोडं वाकडं. "हलकं वाटतंय, काका," तो म्हणाला.

"बरं झालं," मी म्हणालो, आणि त्याला घरी घेऊन गेलो.