फिरणारा ब्रश घेऊ का?

बाथरूमच्या जाळीवर केस साठतात ना, तसे किस्से साठतात. रोज कुणाचं लक्ष जात नाही. मग एक दिवस पाणी तुंबतं आणि कळतं, अरे, बरंच जमलंय की!

माझं पाणी तुंबलं ते मावसबहिणीच्या फोनमुळे. नागपूरहून तिनं सरळ विचारलं, "ताई, तो गरम हवेचा, गोल फिरणारा ब्रश असतो ना केस सेट करायचा, तो घेऊ का? फायदे-तोटे सांग पटकन, ऑफर संपतेय."

मी सांगायला बसले. ऑफर संपली, मी नाही!

आम्ही तिघी बेंगळुरात, मल्लेश्वरमला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. नागपूरची मी, मुंबईची तेजू आणि पुण्याची सायली. तिघी आयटीत. खाली घरमालक, म्हणजे सुमनअक्का आणि काका. मूळचे आपल्याकडचेच, पण घराणं कधीपासून बेंगळुरातच, त्यामुळे अक्कांच्या मराठीत कानडीतलं स्वल्प, सरी, अय्यो सगळं सुखानं नांदतं. काका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आणि आमच्या सगळ्यांमध्ये ब्रश एकच.

•

ब्रश आणला तेजूनं. तिचे केस इतके पातळ आणि चपटे, की वेणी घातली तर शेपटाला रबर टिकत नाही. कॉलेजात कुणीतरी तिला "हेल्मेट काढलंस का गं?" असं विचारलं होतं. तिनं हेल्मेट घातलेलंच नव्हतं. ते वाक्य तिच्या मनात अजून बसलेलं होतं.

पार्सल आलं तशी ती न्हायली आणि ओल्या केसांतच ब्रश फिरवायला लागली. हात दुखेपर्यंत फिरवला. केस होते तसेच, डोक्याला चिकटलेले.

"अगं, हा नुसता गरम वारा आहे," मी म्हटलं. "हा तर आमच्याकडे मे महिन्यात फुकट मिळतो!"

तिला हसू आलं नाही. रडवेली होऊन ती माहितीपत्रक वाचत बसली. तेव्हा कळलं, केस आधी जवळजवळ वाळलेले हवेत, आणि एका वेळी थोडेच घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तिनं तसं केलं आणि काय सांगू, मुळापासून केस असे फुलले की मी आणि सायली बघतच राहिलो.

ऑफिसात मॅनेजरनं विचारलं, "नवा हेअरकट का?"

"नाही," तेजू म्हणाली, "केस तेच आहेत. आज फक्त उभे राहिलेत!"

त्या दिवशी तिनं आपणहून फोटो काढून घेतला. आम्ही एकत्र राहायला लागल्यापासूनचा तिचा पहिला फोटो.

•

सायलीचे केस म्हणजे तेजूच्या बरोब्बर उलट. कंबरेपर्यंत आणि दाट. ती म्हणाली, "मला पण टोकाला वळण हवंय." ब्रशला दोन बटणं असतात, एक आत फिरवतं, एक बाहेर. सायलीनं भली मोठी बट घेतली आणि घाईत चुकीचं बटण दाबलं.

ब्रश थेट कानापर्यंत चढला!

"बंद कर! बंद कर!" ती ओरडली. मी प्लगच उपटला. ब्रश थांबला, पण केस त्याच्या दातांत असे अडकले की पुढे नाही, मागे नाही. वायर खांद्यावरून खाली लोंबतेय, सायलीच्या डोळ्यांत पाणी, आणि तिची रोजची मीटिंग सुरू व्हायला आलेली.

तेजूनं कात्री आणली. ती बघून सायलीनं असा सूर लावला की खालून सुमनअक्का धापा टाकत वर आल्या.

"अय्यो! कात्री ठेव तिकडे. सायली, अळबेडा, रडायचं नाही. केस आहेत, कापायला काय दोरी आहे?"

अक्कांनी खोबरेल तेलाची बाटली मागवली, सायलीला समोर बसवलं आणि एकेक केस सोडवायला लागल्या. सायलीनं कॅमेरा बंद ठेवून मीटिंग लावली. सगळ्यांचं सांगून झालं. मग टीम लीडनं विचारलं, "सायली, काही ब्लॉकर? कुठे अडलंय का?"

"आहे," सायली म्हणाली, "पण त्यावर काम सुरू आहे."

"कुणी मदतीला हवंय?"

तेवढ्यात अक्कांनी एक बट ओढली. "आई गं!"

मग टीम लीड गंभीर आवाजात म्हणाला, "ओके. टेक युअर टाइम."

मीटिंग संपली तरी अक्का सोडवतच होत्या. त्यांचा कुकर खाली ओरडून ओरडून गप्प झाला, पण त्या उठल्या नाहीत. शेवटी ब्रश हातात आला. सायलीचे केस जवळजवळ सगळे जागच्या जागी! तिनं तेलकट डोकं तसंच अक्कांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांची इस्त्रीची साडी गेली.

"सरी, सरी, असू दे," अक्का तिला थोपटत म्हणाल्या, "साडी धुता येते."

•

त्यानंतर एक नवीनच प्रकार झाला. ब्रशच्या दातांत मुरलेलं खोबरेल काही केल्या निघेना. ब्रश तापला की घरभर केळ्याचे चिप्स तळल्याचा वास!

शेजारच्या मामी एकदा भिंतीवरून डोकावल्याच. "चिप्स माडतीरा? चिप्स करताय?"

तेजू अर्धं डोकं सेट झालेल्या अवस्थेत खिडकीत उभी होती. तिच्याकडे बघून मामी म्हणाल्या, "बरं, बरं. झाले की मला पण स्वल्प पाठवा."

नाही म्हणायची हिंमत कुणात होती? बाजारातून आणून पाठवले!

•

एका सकाळी गीझर, इंडक्शन आणि ब्रश एकदम चालू झाले आणि अख्ख्या घराची वीज गेली. काका टॉर्च घेऊन वर आले. आधी गीझर पाहिला, मग ब्रश हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, हवेत फिरवून पाहिला.

"केस विंचरायला मोटर?" ते म्हणाले.

"काका, खूप उपयोगी आहे," तेजू म्हणाली.

काकांनी खुर्ची ओढली आणि निकाल द्यायला बसले. "चांगलं काय, तर एका हातानं काम होतं, दुसरा हात मोकळा. ड्रायर वेगळा धरायला नको. वाईट काय, तर वजन आहे, आवाज आहे, आणि घाई करणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची ही वस्तू नव्हे." इथे त्यांनी सायलीकडे बघितलं. "बटण सोडायचं, मग ब्रश ओढायचा. ओढता ओढता बटण दाबायचं नाही."

"मग घेतला ते बरं केलं की वाईट?" मी विचारलं.

काकांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "मला एकही केस नाही, तेव्हा माझं मत निःपक्षपाती समजा. घेतलाय, आता वापरा. पण गीझर बंद करून!"

•

माझे केस कुरळे. म्हणजे अगदी स्प्रिंगा. आई पहिल्यांदाच बेंगळुरूला येणार होती, म्हणून मी तिला दाखवायला ब्रशनं केस छान सरळ, गुळगुळीत करून घेतले आणि देवनहळ्ळीला विमानतळावर गेले.

आई बाहेर आली. मी हात हलवला. ती माझ्या समोरून बॅग ओढत पुढे निघून गेली! मग थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि मला फोन लावला. आवाज रडवेला. "तू आली नाहीस का गं?"

"आई, मी तुझ्या मागेच उभी आहे!"

तिनं वळून पाहिलं. "मागे कुणीतरी जाहिरातीतली मुलगी आहे. तू कुठे आहेस ते सांग."

मी जाऊन तिला मिठी मारली, तेव्हा कुठे खात्री पटली. कॅबमध्ये बसल्यावर बराच वेळ ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. शेवटी हळूच म्हणाली, "परत येतात ना गं? आधीसारखे?"

घरी पोचल्या पोचल्या मी डोकं धुतलं.

•

मग सुमनअक्का पडल्या. देवळाच्या पायरीवर पाय घसरला आणि उजवा हात मोडला. प्लास्टर खांद्यापर्यंत. अक्कांचा भला मोठा अंबाडा असायचा, त्यात रोज मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा. एका हातानं अंबाडा कसा घालणार? आम्ही आळीपाळीनं विंचरून द्यायचो, पण सकाळी तिघींची ऑफिसची घाई, आणि अक्कांना कुणाला थांबवून ठेवणं पटेना. एक दिवस त्यांनी ओळखीच्या बाईला घरी बोलावून केस खांद्यापर्यंत कापून टाकले.

आमच्यासमोर हसल्या. पण नंतर त्या बाहेर पडेनाशा झाल्या. राजाजीनगरला भाचीचं लग्न होतं, तिथेही जाणार नाही म्हणाल्या. "गजरा कुठे माळू गं? हे असं भुंडं डोकं घेऊन चारचौघांत कशी जाऊ?"

त्या संध्याकाळी काका वर आले. दारातच उभे राहिले. "तो मोटरवाला ब्रश स्वल्प दिवस मिळेल का? आणि कुणीतरी मला शिकवा."

शिकवायचं तर डोकं हवं! सायलीनं हात जोडले. तेजूच्या केसांत शिकण्यासारखं काही नव्हतं. राहिले मी. आठवडाभर काका माझ्या स्प्रिंगांवर सराव करत होते. एकदा माझा कान भाजला, तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त कळवळले. "बटण सोडायचं, मग ओढायचं," असं स्वतःशीच पुटपुटत राहायचे.

लग्नाच्या दिवशी अक्का जिन्याखाली उभ्या राहिल्या आणि आम्ही तिघी वरच्या पायरीवरच थबकलो. पांढरेशुभ्र केस खांद्यावर मऊ वळलेले, एका बाजूला क्लिप, आणि क्लिपमध्ये मल्लिगेचा इवलासा गजरा.

लग्नाच्या हॉलमध्ये बायकांनी अक्कांना घेरलंच. "अक्का, कुठलं पार्लर? आम्हाला नंबर द्या!"

अक्का म्हणाल्या, "तो घरी येतो. पण दुसऱ्या कुणाकडे जात नाही."

काका शेजारीच बसून मान खाली घालून पायसम खात होते.

•

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हात अगदी बरा झाला म्हणून सांगितलं. पुढे बरेच दिवस गेले, ब्रश काही वर येईना. तेजूचे केस पुन्हा चपटे व्हायला लागले, तेव्हा आम्ही तिघी शिष्टमंडळासारख्या खाली गेलो.

अक्का स्वयंपाकघरात होत्या. "या गं, या! आंब्याचं लोणचं मुरलंय, घेऊन जा." टाचा उंचावून त्यांनी उजव्या हातानं सगळ्यात वरच्या फळीवरची जड बरणी अलगद खाली काढली आणि आमच्यासमोर ठेवली.

तेजू चाचरत म्हणाली, "अक्का, तो ब्रश..."

बाहेरच्या खोलीत काकांनी पेपर खाली केला.

"अय्यो, आणखी स्वल्प दिवस राहू दे गं," अक्का म्हणाल्या. "हात अजून वर जात नाही."