सेनेटरसाहेबांचा शब्द

"बाई, पाहुण्यांना सांगा, गावकरी तुमचं स्वागत करताहेत," सरकारी अधिकारी माझ्या कानाशी इंग्रजीत म्हणाले.

कुणीही स्वागत करत नव्हतं. टाकवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत माणसं पाराभोवती गप्प उभी होती. बोलत होत्या त्या एकट्या अमिनामावशी. "आमी हितनं उठायचो न्हाई. माज्या घरधन्याची कबर हितं हाय. आमी कुटं जायाचं?"

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माळावर तोफांचा सराव करायचा म्हणून वाडी रिकामी करायचा हुकूम निघाला होता. मी पुण्यात इंग्रजी शिकवत असे आणि अधूनमधून दुभाष्याचं काम करत असे. लोणावळ्याच्या बंगल्यात विश्रांतीला आलेल्या एका अमेरिकन पाहुण्यासाठी मला बोलावलं होतं. त्यांनी आसपासची गावं बघायची इच्छा धरली, आणि आम्ही इथे येऊन पोचलो.

पाहुणे त्यांच्या देशात सेनेटर होते, म्हणजे कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहाचे सभासद. त्यांच्या प्रांतात एक खोरं धरणाखाली जाणार होतं. त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. धरण झालंच, आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले. मग त्यांना वकिलातीच्या कामावर हिंदुस्थानात पाठवलं. "आमच्याकडे नकोशा माणसाला लांबच्या वकिलातीत नेमतात," असं त्यांनी मला गाडीत सांगितलं होतं. सांगताना हसले नव्हते.

आमच्या कामाचा एक नियम आहे. बोलणारा "मी" म्हणाला की दुभाष्यानेही "मी"च म्हणायचं. "त्या असं म्हणतात" हे मध्ये आणायचं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "आम्ही इथून उठणार नाही. माझ्या नवऱ्याची कबर इथे आहे. आम्ही कुठे जायचं?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. यापुढे सरकारी काम मिळणार नाही, हे मला तिथेच कळलं.

सेनेटर पाराच्या कडेला खाली बसले. जमीन कुणाची, भात किती होतं, दुसरी जागा दिली का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. दुसरी जागा दिलेली नव्हती.

"मी दिल्लीत बोलेन," ते म्हणाले.

मी भाषांतर न करता थांबले. "सर, तुम्ही बोलणार आहात, की हे थांबवणार आहात? इथे साहेब बोलतो म्हणाले, की लोक काम झालं असं धरून चालतात."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सांगा त्यांना, मी फक्त बोलू शकतो. इथे मला मत नाही. जिथे होतं तिथेही मी हरलो."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "मंग आलात कशापायी?"

तेही मी सांगितलं. सेनेटर उठले. त्यांनी मावशींना हात जोडले आणि ते उतरणीला लागले.

गाडीजवळ अधिकारी मला म्हणाले, "तुम्हाला बोलणं सोपं करायला आणलं होतं."

"बोलणं सोपं नव्हतं, साहेब," मी म्हणाले.

सेनेटर दिल्लीत खरंच बोलले. पुन्हा पुन्हा बोलले. दोस्त राष्ट्राच्या, म्हणजे इंग्रजांच्या, कारभारात तोंड घातलं म्हणून त्यांच्याच वरिष्ठांनी त्यांना माघारी बोलावलं. बंगल्यातलं सामान न्यायला ते लोणावळ्याला आले, तेव्हा मला स्टेशनवर भेटायला बोलावलं. तब्येत उतरली होती.

"वाडीचं काय झालं?"

"उठली, सर. ट्रक आले तोवर कुणी काही बांधलेलंच नव्हतं. घरांचे वासे आधी काढून न्यायची मुभा होती, तेही काढले नाहीत. बियाण्याचं भात तिथेच राहिलं."

"पण मी काही करू शकत नाही, हे मी सांगितलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही ते त्यांना सांगितलंत?"

"शब्दाला शब्द."

मी तळेगावात मावशींना भेटून आले होते. बहिणीच्या एका खोलीत त्या राहत होत्या. त्या जे बोलल्या, ते मी नियमाप्रमाणे त्यांच्याच तोंडचं म्हणून सेनेटरांना सांगितलं. "साहेब इतक्या लांबनं आला. मातीत बसला, समदं इचारलं. आमाला वाटलं, थांबवील. म्हून कुनी काय हलवलं न्हाई."

गाडी लागली. सेनेटर डब्यात चढले आणि खिडकीशी न बसता आतल्या बाजूला बसले. पुढे त्यांनी कुठलंच पद घेतलं नाही, एवढं कानावर आलं. माझी सरकारी कामं बंद झाली ती कायमची, आणि मी शिकवण्यांवर भागवलं.

दुभाष्याचं काम शिकायला कुणी आलं की मी सांगते, पदरची आशा बोलण्यात घालू नका. मी त्या दिवशी एका शब्दानेही घातली नव्हती. लोकांना ती ऐकू आलीच.