घोडीला बांधलेली गाठ

घोड्याच्या घामाचा वास आला की अजूनही माझे तळहात ओले होतात. मी आठ वर्षांची असताना बोरी अरबहून दारव्ह्याला जाऊन परतायची घोड्यांची शर्यत होती. वडिलांनी मला घोडीवर बसवून उपरण्यानं खोगिराला बांधलं. "एवढ्याशा लेकराले कायले पाठवून राह्यले?" आई म्हणाली. "हलकी हाय, घोडी थकनार नाही," वडील म्हणाले. परतीच्या वाटेवर घोडीच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले. ती पडली तर मी तिच्याखाली चिरडली जाणार, हे कळत होतं आणि गाठ सुटत नव्हती. माझी किंकाळी ऐकून तूर कापणारी एक बाई धावत आली. तिनं विळ्यानं उपरणं कापून मला खाली ओढलं आणि घोडी कोसळली. मागून सायकलवर आलेले वडील आधी घोडीजवळ बसले. का, हे त्यांना विचारायचं धाडस मला ते असेपर्यंत झालं नाही.