लॅमिनेशन केलेला मेंदू

मानवतच्या एसटीत शेजारी बसलेल्या आजोबांनी पिशवीतून लॅमिनेशन केलेला कागद काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्यापुढे धरला. कागद काळाकुट्ट होता.

"सुनेच्या पोटातल्या लेकराचा मेंदू हाय. सोनोग्राफीतला. आधी डॉक्टर म्हनले, मेंदूत पानी जास्त दिसायलंय. घरात कुनाला घास गोड लागंना. काल परत मोजला. मापात हाय!"

सोनोग्राफीचा फोटो लॅमिनेशनच्या उष्णतेने काळा पडतो. म्हणजे जपायला गेले आणि घालवून बसले. मी चाचरत म्हणालो, "पण यात काहीच दिसत नाही, आजोबा."

"मशिनीत घातला आन् काळा पडला. लय बेस झालं. आता कुनाची नजर लागायची न्हाई."

एवढं बोलून त्यांनी तो मागच्या सीटवर बघायला दिला.