तिचं बोलणं पुरं होऊ देणारा

आष्टीहून मोटरसायकलवर येणारा अपंगांच्या संस्थेचा हा माणूस मला पहिल्यापासून पटला नाही. चहा दिला तर अर्धाच पितो. "मंजे कसं हाय आबा," म्हणतो आणि पुढचं सांगतच नाही, माझ्याच तोंडाकडे बघत बसतो. असा गप माणूस काहीतरी काढून घ्यायलाच आलेला असतो.

माझ्या तरण्या नातीची जीभ जन्मापासून जड. एकेक शब्द लई वेळानं येतो, म्हणून तिचं बोलणं मीच पुरं करतो. तिचं काही असलं तर गाव मलाच विचारतं. हा मात्र तिलाच विचारतो आणि ती बोलेस्तोवर हलत नाही.

मागं पारावर त्यानं अपंग पोरापोरींची बैठक घेतली. गटाचा पुढारी निवडायचा होता. नात म्हणाली, "मला..." आणि अडकली. मागं कुणीतरी हसलं. तिला शिलाई मशीन पायजे, असं सांगायला मी उठलो, तर यानं माझं धोतर धरलं.

"बसा आबा. तिचं चाललंय."

"नात कुणाची बे?"

"तुमचीच. पन बसा."

मी खाली बसलो. मग ती म्हणाली, "मला... पुढारी... व्हायचंय." पोरापोरींनी हात वर केले.

आता दर आठवड्याला ती गटासाठी आष्टीला जाते. मी सोबत निघालो की म्हणते, "आबा... तुमी... घरीच... बसा." तेही मला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. त्या माणसावर माझी नजर आहे.